लर्निंगचे सहा महिने आणि ट्रायलची तारीख: साताऱ्यात पक्कं लायसन काढताना

माझ्या भाचीचं लर्निंग १२ डिसेंबरला निघालं. पुढे कृषी पदविकेची परीक्षा, मग घरातलं एक लग्न. "सहा महिने आहेत की," असं सगळेच म्हणत होते, मीसुद्धा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही ट्रायलची तारीख घ्यायला बसलो, तेव्हा ११ जूनपर्यंत एकही जागा मोकळी दिसेना. आणि ११ जूनलाच लर्निंग संपत होतं. वडूजकडे गावोगाव फिरायचं काम तिला मिळालं होतं, अट एकच: दुचाकीचं पक्कं लायसन. ते काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं. नवं लर्निंग, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रांग, असं सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

चूक आमची होती. रांग लांब असते हे माहीत होतं, पण ती आपल्या सहा महिन्यांतूनच कापली जाते हे लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर घरातल्या आणि गल्लीतल्या बऱ्याच पोरांची लायसनं काढून देताना जे समजलं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी कॅलेंडर काढा

नियम दोनच आहेत, पण दोन्ही एकत्र वाचायला हवेत. लर्निंग हातात आल्यावर किमान ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसनची ट्रायल देता येत नाही. आणि लर्निंग चालतं फक्त सहा महिने. त्याची मुदत वाढवून मिळत नाही, संपलं की नवंच काढावं लागतं. म्हणजे तुमच्या हातात खऱ्या अर्थाने पाचच महिने असतात.

समजा, लर्निंग १० मार्चला निघालं. ९ एप्रिलला तीस दिवस भरतात आणि साधारण ९ सप्टेंबरला मुदत संपते. तुम्ही ९ एप्रिललाच अर्ज करून बसलात आणि पहिली मोकळी तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली, तर ट्रायल १४ मेला. नापास झालात आणि पुन्हा पाच आठवडे थांबावं लागलं, तर १८ जून. तिसऱ्यांदा, २३ जुलै. तीन संधी मिळूनही दीड महिना शिल्लक राहतो.

आता हाच माणूस १ ऑगस्टला जागा झाला, तर पहिली ट्रायल ५ सप्टेंबरला. त्यात नापास झाला की संपलं, कारण फेरचाचणी सात दिवसांनंतरच देता येते आणि तोवर लर्निंग बाद झालेलं असतं. दोघांसाठी रांग तेवढीच लांब होती. म्हणून लर्निंगची प्रिंट हातात पडली की त्याच दिवशी मोबाइलमध्ये दोन गजर लावा: एक तीस दिवस भरतील त्या दिवसाचा, दुसरा मुदत संपायच्या दोन महिने आधीचा.

रांग का लागते, हेही समजून घ्या, म्हणजे उगाच चिडचिड होत नाही. ट्रायल मोटार वाहन निरीक्षक घेतात, एकेका उमेदवाराची. त्यामुळे प्रत्येक कार्यालयाचा रोजचा कोटा ठरलेला असतो आणि तो भरला की संगणक त्या दिवसाचं दार बंद करतो. त्याच निरीक्षकांकडे गाड्यांच्या फिटनेसची तपासणी, रस्त्यावरची कारवाई आणि तालुक्यांचे दौरेही असतात. शिवाय मे महिन्याची सुट्टी, निकालानंतरचे दिवस, आणि आपल्या जिल्ह्यात तर भरतीची जाहिरात. सैन्याची, पोलिसांची चालक पदाची किंवा एसटीची भरती निघाली की गावागावांतली पोरं एकाच आठवड्यात अर्ज करतात. भरतीचा विचार असेल तर जाहिरातीची वाट बघू नका, आणि कोणत्या वर्गाचं लायसन मागतात ते जुन्या जाहिरातींत आधीच वाचून ठेवा.

लर्निंगचा अर्ज भरतानाच घ्यायचे निर्णय

अर्ज केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावरच्या 'सारथी' विभागात होतो. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या ओटीपीवर घरबसल्या लर्निंग काढता येतं: रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा आणि ऑनलाइन परीक्षा द्यायची. पास व्हायला किमान ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात, म्हणजे १५ पैकी ९. परीक्षा स्वतः द्या, सायबर कॅफेतल्या पोराला देऊ नका. त्यातली चिन्हं पुढे मैदानावर विचारली जातात आणि रस्त्यावर तर रोजच लागतात.

वर्ग नीट निवडा. गिअरची मोटारसायकल निवडली तर स्कूटरही चालवता येते, फक्त विनागिअर निवडलं तर मोटारसायकल चालत नाही. चारचाकी वर्षभरात शिकायची असेल तर दोन्ही वर्ग एकदमच टाका. नंतर वर्ग वाढवायचा म्हणजे त्या वर्गाचं लर्निंग, तीस दिवस आणि रांग हे सगळं परत.

कार्यालय निवडतानाही घाई नको. आपल्या जिल्ह्यात साताऱ्याचं एमएच ११ आणि कराडचं एमएच ५०, कराड-पाटणकडच्या लोकांना कराड जवळ. शेजारी सांगलीचं एमएच १०. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून राज्यातल्या कोणत्याही परवाना प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पुण्यात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या सातारकरांनी याचा विचार जरूर करावा. गावाकडे ट्रायलसाठी रजा काढून यायचं की जिथे राहतो तिथेच द्यायची, हे लर्निंगच्या वेळीच ठरवा, कारण पुढची तारीख साधारण त्याच कार्यालयाच्या कोट्यातून मिळते.

वय ४० च्या पुढे असेल किंवा व्यावसायिक वाहनाचं लायसन हवं असेल, तर डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, लागतं. त्याची सोय आधी करा. ऐनवेळी डॉक्टर शोधत फिरण्यात आठवडा जातो.

मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. ही गोष्ट मी सगळ्यांना दोनदा सांगते. एजंटचा किंवा सेवा केंद्राचा नंबर अर्जात गेला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. मग तारीख बदलायची असो की पावती काढायची असो, तुम्ही त्याच्या दारात.

तारीख घेताना

तीस दिवस भरले की 'ड्रायव्हिंग लायसन'चा अर्ज, कागद अपलोड, फी, आणि मग स्लॉट, असा क्रम आहे. ट्रायलची फी प्रत्येक वर्गाला ३०० रुपये आणि लायसनची २०० रुपये. दोन वर्ग असतील तर ८०० होतात, कार्ड आणि टपाल वेगळं. लर्निंगच्या वेळी प्रत्येक वर्गाला १५० आणि परीक्षेचे ५० असतात. हे आकडे लक्षात ठेवा, म्हणजे कुणी "सरकारी फीच पाच हजार" म्हणालं तर काय समजायचं ते समजेल.

फी भरताना साइट अडकते. पैसे खात्यातून गेले आणि पावती निघाली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. संकेतस्थळावर पेमेंटची स्थिती तपासायचा पर्याय आहे. तिथे अर्ज क्रमांक टाकला की बहुतेक वेळा अडकलेली पावती निघते. नाहीच निघाली तर थोड्या वेळाने पुन्हा तपासा.

कॅलेंडरमध्ये पहिली मोकळी तारीख दिसली की ती घ्या. "सराव पुरेसा झाला नाही" म्हणून पुढची घेणारे बरेच भेटतात. सरावाला मधले आठवडे आहेतच. रोज एकदा सकाळी आणि एकदा रात्री कॅलेंडर उघडून बघा, कारण कुणी रद्द केलेली जागा मध्येच मोकळी दिसू शकते. पण नवी जागा डोळ्यांना दिसत असल्याशिवाय हातातली तारीख रद्द करू नका, नाहीतर दोन्ही जातात. आणि तुम्हाला खरंच जमणार नसेल, तर गुपचूप गैरहजर राहण्यापेक्षा तारीख आधी रद्द करा. तुमच्या मागे म्हसवडहून पहाटेच्या एसटीने येणारं कुणीतरी थांबलेलं असतं.

तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या आरटीओच्या दौऱ्यांकडेही लक्ष ठेवा. माण-खटावच्या माणसाला साताऱ्याला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. दौऱ्याचं वेळापत्रक कार्यालयातल्या फलकावर असतं, स्थानिक वर्तमानपत्रांतही येतं. त्या दिवशी ट्रायल घेणार का आणि तुमच्या अर्जाला तिथली तारीख मिळेल का, हे दोन प्रश्न कार्यालयात आधी विचारून घ्या.

व्हॉट्सअॅपवर "आरटीओ" नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. त्यातून बँक खाती रिकामी झालेली माणसं आहेत. तारीख देणारं असं कोणतंही अॅप कुणी मेसेजवर पाठवत नाही.

थांबायचे आठवडे सरावाला लावा

खरी मेहनत इथे आहे. नापास होणारा माणूस पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो, म्हणून रांग कमी करायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पहिल्याच वेळी पास होणं.

आधी कायदा. लर्निंगवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला हवा, असा की वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, पाटी १८ सेंटीमीटर चौकोनी. दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही बसवता येत नाही. मैत्रिणीला कॉलेजला सोडणं हा सराव होत नाही.

दुचाकीला बहुतेक ठिकाणी इंग्रजी आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकला की गुण गेले. घरच्या अंगणात किंवा शाळेच्या मोकळ्या मैदानावर दोन विटा ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा. विटांमधलं अंतर रोज थोडं कमी करत जा. नजर चाकासमोर ठेवली की गाडी डगमगते. वळायचं आहे तिथे, म्हणजे पुढच्या विटेच्या पलीकडे बघा. पहिला गिअर, रेस अगदी थोडी आणि एकसारखी, मागच्या ब्रेकवर पाय हलका. पुढचा ब्रेक वळणात दाबला तर गाडी पडते. हँडल वळवायच्या आधी इंडिकेटर द्यायची सवय इथेच लावा.

चारचाकीत सगळ्यात जास्त माणसं चढावर आणि रिव्हर्समध्ये अडकतात. नियमातच लिहिलंय की उभ्या चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे काढता आली पाहिजे. याबाबतीत सातारकर नशीबवान. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शहर वसलेलं, माची पेठेकडे, बोगद्याच्या बाजूला चढच चढ. पहाटे रस्ता मोकळा असताना शेजारी जाणकार माणूस घेऊन तिथे जा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय धरून ठेवा, थोडी रेस द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. गाडी पुढेच जाते. पन्नास वेळा केलंत की पायाला कळतं, डोक्याने विचार करावा लागत नाही. हे जमल्यावरच यवतेश्वर घाटाकडे जा, आणि कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तर अजिबात नको. उतरताना कमी गिअर ठेवायचा, नुसत्या ब्रेकवर घाट उतरायचा नाही, हेसुद्धा तपासायच्या गोष्टींत आहे.

रिव्हर्समध्ये अरुंद जागेत, डावीकडून किंवा उजवीकडून, गाडी घालता आली पाहिजे. चार बादल्या किंवा पोत्यांत माती भरून उभ्या करा. आरशात बघा, मान वळवूनही बघा. घाई केली की स्टेअरिंग उशिरा वळतं, म्हणून गाडी हाफ क्लचवर रांगत मागे घ्या.

मग बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टी. बसल्या बसल्या आरसा जुळवणं, बेल्ट लावणं, निघण्यापूर्वी मागे बघणं, डावी बाजू धरून चालवणं, पादचाऱ्याला वाट देणं, हाताने खुणा करून दाखवणं. शिकलेल्या, गाडी छान येणाऱ्या माणसांचे गुण याच गोष्टींत जातात, कारण घरी गाडी चालवताना हे सगळं सुटलेलं असतं. गावाकडची पोरं दहा वर्षांपासून ट्रॅक्टर चालवतात आणि बेल्ट न लावता ट्रायलला बसतात.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. नवख्याने त्यांच्या मागून अंधारात सराव करू नये. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असं नाही, आणि पहिली ट्रॉली दिसते तिच्या पुढे दुसरी असते हे ओव्हरटेक करायला निघाल्यावर कळतं.

स्कूल, एजंट आणि "टेस्टच लागत नाही"

चांगलं ड्रायव्हिंग स्कूल लावणं पैसे वाया घालवणं नाही. नियमाप्रमाणे हलक्या वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं असायला हवं. पैसे देण्याआधी विचारा: गाडीत मी एकटाच शिकणार की मागे तिघं बसून वाट बघणार? चढ आणि रिव्हर्स शिकवणार का? ट्रायलला गाडी देणार का?

एक गोष्ट मात्र नीट तपासा. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची वेगळी व्यवस्था आहे. तिथे हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करून, त्यांची चाचणी पास होऊन फॉर्म ५-बी मिळाला, तर आरटीओची ट्रायल माफ होते. साध्या ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ५, त्याने ट्रायल माफ होत नाही. "आमच्याकडे टेस्ट द्यावीच लागत नाही" असं कुणी म्हणालं तर मान्यतेचा कागद दाखवा म्हणा. कागद नसेल तर तिथून निघा.

पैसे देऊन न शिकता लायसन मिळवून देणारा भेटला, तर तुमच्याच घरातलं माणूस उद्या त्या गाडीसमोर असेल असं समजून नाही म्हणा. मला याबद्दल फार वाटतं, कारण खंबाटकीच्या उतारावर काय होतं ते आमच्या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

ट्रायलच्या दिवशी

आदल्या रात्री पिशवी भरा: मूळ लर्निंग, अर्जाची व स्लॉटची प्रिंट, आधार, आणि ज्या गाडीवर ट्रायल देणार तिचं आरसी, विमा, पीयूसी. विमा किंवा पीयूसी संपलेली गाडी घेऊन गेलात तर अख्खी तारीख वाया जाऊ शकते, म्हणून आठ दिवस आधीच तपासा. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे चालू आहेत ना बघा. दुचाकीला हेल्मेट, गाडी मैदानावर न्यायला पक्कं लायसन असलेला माणूस सोबत. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा, पण पूर्ण दिवसाची तयारी ठेवा. पाणी आणि डबा बरोबर असू द्या, रजा अर्ध्या दिवसाची काढू नका.

ट्रायल ओळखीच्या गाडीवरच द्या. भाऊजींची नवी गाडी भारी दिसते, पण तिचा क्लच कुठे धरतो हे मैदानावर शिकायला वेळ नसतो. गाडी बंद पडली तर घाबरू नका: ब्रेक, न्यूट्रल, पुन्हा चालू. साहेबांची सूचना कळली नाही तर परत विचारा.

नापास झालात, किंवा मुदत संपत आली

काय चुकलं ते तिथेच शांतपणे विचारा आणि लिहून घ्या. फेरचाचणी सात दिवसांनंतर, ट्रायलची फी पुन्हा भरून. त्याच संध्याकाळी नवी तारीख घ्या, रुसून आठवडा घालवू नका. तीनदा नापास झालात तर शेवटच्या ट्रायलपासून ६० दिवस थांबावं लागतं आणि कायद्याने स्कूलमध्ये सुधार प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

मुदतीत तारीख मिळणारच नाही असं दिसलं तर संपायची वाट न बघता कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. परिवहन विभागाच्या अनेक सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. त्या सेवा, त्यांचे दिवस आणि अपील अधिकाऱ्यांची पदं दाखवणारा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. ठरलेले दिवस उलटले किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. फलकाचा फोटो काढून ठेवा.

लर्निंग संपलंच, तर त्या दिवसापासून गाडी बंद. विनालायसन चालवल्यास दंड ५,००० रुपये, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मूल १८ च्या आतलं असेल तर पालकांनी जास्त सावध राहावं: पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं जुनं लायसनही याच वेळी काढून बघा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपून एक वर्ष उलटलं की त्यांनाही पुन्हा ट्रायलच्या रांगेत उभं राहावं लागतं. माझ्या मोठ्या दिरांचं लायसन असंच अकरा महिने संपलेलं कपाटात सापडलं, तीन आठवड्यांचा अवकाश होता म्हणून वाचलं.

पास झाल्यावर कार्ड टपालाने घरी येतं. वाडी-वस्तीवर राहणाऱ्यांनी अर्जातच पत्ता पूर्ण लिहावा: वस्तीचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड. नुसतं गावाचं नाव असलं की कार्ड परत जातं आणि ते सोडवायला पुन्हा साताऱ्याची फेरी पडते. कार्ड यायच्या आधी लायसन डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन अॅपमध्ये दिसायला लागतं आणि पोलिसांना तेही चालतं. भाचीने तर कार्ड यायच्या आधीच मोबाइलवरचं लायसन दाखवून रहिमतपूरकडे नवं काम धरलं.